पुसलेलं कुठं जातं

वरवंड, ६ जानेवारी

तेजाताई,

हातानं लिहिलेलं पत्र बघून तू आधी पाकीट उलटसुलट करून बघशील, कुणी गेलं की काय म्हणून. कुणी गेलेलं नाही. फोन का केला नाही ते मात्र विचारू नकोस. फोन यांच्या नावावर आहे, आणि संध्याकाळी तो यांच्यासमोर ठेवायची आमच्याकडं पद्धत आहे. हे पत्र धुरपदाबाई पोस्टात टाकतील. त्या आमच्या रोपवाटिकेत ट्रे भरायला येतात. उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर पाठव. पाकिटावर माझं नाव घालू नकोस.

विचारायचंय ते कॉम्प्युटरचं आहे. पाबळात बसून तू दहा गावांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतेस, तुला लगेच कळेल.

आमचं ऑफिस घराच्या पुढच्याच खोलीत आहे, तू बघितलंयस. उसाच्या नि केळीच्या रोपांच्या ऑर्डरी मीच टाइप करते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याच कॉम्प्युटरवर माझं काहीबाही लिहायचे. मनात साचलेलं. लिहायचं, एकदा वाचायचं नि पुसून टाकायचं. रिसायकल बिनसुद्धा रिकामं करायचे. आई गेल्यावर सवय लागली ती. बोलायला कुणी नव्हतं.

परवा एक जुनी ऑर्डर शोधायला मी सर्चमध्ये ‘केंदूर’ टाकलं. ऑर्डर आली. तिच्याखाली माझं लिखाण आलं. आईचं माहेर केंदूरचं, म्हणून त्यात तो शब्द होता. दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं आणि त्याच दिवशी पुसलेलं. एकदा नाही, तेच पान तीन-चार वेळा, प्रत्येकावर वेगळी वेळ. एकात अर्धंच वाक्य होतं, पुढच्यात ते पूर्ण झालेलं. माझ्या खांद्यावरून कुणीतरी बघत बसलं होतं असं वाटलं मला.

पुसलेलं परत कसं येतं, ताई?

आणि एक. हे माझ्या मनाचे खेळ असतील. गेल्या आठवड्यात जेवताना हे सासूबाईंना म्हणाले, “आई, आजपासून सूनबाईला नावानं हाक मारत जा. या घरात नावानं कुणी बोलावत नाही, याचं तिला वाईट वाटतं.” सासूबाई म्हणाल्या, “आता गं बाई! तुला कुणी सांगितलं?” हे नुसते हसले आणि मला भाजी वाढली.

मी ते कुणाला बोलले नव्हते, ताई. लिहिलं होतं, आणि पुसलं होतं.

योगायोग असेल. सायली बरी आहे. चौथीत वर्गाची मॉनिटर झाली आहे.

तुझी
अनुपमा


पाबळ, ११ जानेवारी

अनू,

पाकीट उलटसुलट केलंच. आबा शेजारी येऊन उभे, “कुणाचं हाय? सरकारी हाय का?” तुझं म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

तुझ्या कॉम्प्युटरमध्ये भूतबीत काही नाही. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत आले होते तेव्हा सत्यजीतरावांनी सांगितलं म्हणून मीच मागं ती काळी डिस्क लावून दिली होती, आठवतं? तो बॅकअप. ती डिस्क दर तासाला बघते, कुठली फाइल नवी आहे, कुठली बदलली, आणि तिची एक प्रत उचलून ठेवते. जुनी प्रत असली तरी नवी वेगळी ठेवते. म्हणून तुला तेच पान तीन-चारदा दिसलं. तू मूळ पान पुसलंस तरी डिस्कवरच्या प्रती जागच्या जागी राहतात. उद्या कॉम्प्युटर जळला तर सगळं परत मिळावं म्हणूनच असते ती.

सर्चचं काम वेगळं. तू शब्द टाकलास की तो सगळा कॉम्प्युटर धुंडाळायला निघत नाही. रिकामा वेळ मिळेल तेव्हा आधीच फाइली वाचून ठेवतो आणि कुठला शब्द कुठं आहे याची सूची करतो, पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर असते तशी. या सूचीत बॅकअपची डिस्क घ्यायची नसते. घेतली की पुसलेलं सगळं नावानिशी हजर होतं. तुझं तेच झालंय. मी लावून दिली तेव्हा सूचीत घातली नव्हती, एवढं नक्की. कुणाच्या तरी हातून चुकून टिक झाली असेल.

कंट्रोल पॅनेलमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्स आहे. तिथं त्या डिस्कसमोरची टिक काढ. सर्च गप्प होईल.

बाकी, नवरा आईला सांगतो की सुनेला नावानं हाक मार, आणि तू घाबरतेस? गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. आबांच्या मोतीबिंदूची चौकशी केली, औषधाचं नाव लिहून घेतलं. तुझी तब्येत हल्ली नाजूक असते म्हणत होते. जरा जप स्वतःला. दुपारची झोपत जा.

तेजा


वरवंड, १९ जानेवारी

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. टिक काढली. ‘केंदूर’ टाकलं तर फक्त ऑर्डर आली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तर टिक परत होती.

चुकून होत नाही गं ते. मी पुन्हा काढली नाही. हे दारातच उभे होते, चहाचा कप घेऊन. म्हणाले, “तुला एवढं कॉम्प्युटरमधलं कधीपासून कळायला लागलं?” मी म्हटलं, हात लागला असेल. “असेल,” म्हणाले. कप माझ्या हातात दिला आणि गेले.

मागच्या पत्रात तुला सगळं सांगितलं नव्हतं. आता सांगते. ऑगस्टमध्ये मी रांजणगावच्या एका कंपनीत लॅबच्या जागेसाठी अर्ज लिहिला होता. माझी बीएस्सी वाया चालली आहे असं तूच म्हणायचीस. अर्ज टाइप केला, पाठवला, फाइल पुसली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिथल्या बाईंचा लँडलाइनवर फोन आला, “मॅडम, तुमच्या घरून कळवलं, तुमची तब्येत बरी नाही. लवकर बऱ्या व्हा.” तेव्हा मला वाटलं होतं, सासूबाईंनी ऐकलं असेल काहीतरी.

आणि गेल्या बुधवारी हे मला पुण्याला डॉक्टरकडं घेऊन गेले. थकवा येतो ना तुला, म्हणाले. मी समजले रक्त तपासायचं असेल. मनाच्या डॉक्टर निघाल्या त्या. यांनी पिशवीतून निळी फाइल काढली. तिच्यात छापलेली पानं. “मॅडम, हिनंच लिहिलंय.”

माझीच वाक्यं होती, ताई. गेल्या वर्षी चौथ्या महिन्यात माझं पोटातलं गेलं, त्या आठवड्यातली. ‘सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटतं.’ ‘सायलीचा आवाजसुद्धा नको होतो.’ ओळीखाली ओळ, अशी तीन पानं. डॉक्टरांनी विचारलं, हे तुम्ही लिहिलंय का? नाही कसं म्हणू? पण त्याच पानावर खाली मी लिहिलं होतं की सायली पोटाशी येऊन झोपली आणि मला रडू आलं, आणि तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि उद्या उठायचं. ते त्यात नव्हतं. डॉक्टर मला गोळ्या लिहून देत होत्या आणि हे मान खाली घालून बसले होते. बाहेरच्या खुर्च्यांवरच्या बायका यांच्याकडं कौतुकानं बघत होत्या.

परत येताना गाडीत म्हणाले, “काळजी करू नकोस. सायलीला मी आणि आई बघू. तुला एखाद्या ठिकाणी विश्रांतीला ठेवू. तसे कागद करून घेऊ, म्हणजे पुढं कुणी काही बोलायला नको.”

आवाज एकदाही चढला नाही. तो कधीच चढत नाही.

ती डिस्क मी विहिरीत टाकू का?

अनू


पाबळ, २३ जानेवारी

अनू,

डिस्कला हात लावू नकोस. विहिरीत तर मुळीच नको.

माझं आधीचं पत्र चुलीत घाल. दुपारची झोप काय, नि काय काय लिहिलं मी. तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. ते मधेच उठून गोठ्यात गेले.

आता नीट वाच. त्यांना ती डिस्क हवी आहे तुझी वाक्यं काढायला. पण डिस्कला नवरा-बायको कळत नाही. तिनं तुझं अर्धं पान ठेवलंय तसं पुढचं पूर्ण पानही ठेवलंय, वेळेसकट. तू काय लिहिलं होतंस आणि त्यांनी त्यातलं काय कापलं, ते शेजारी शेजारी ठेवून दाखवता येईल. आणि त्याच कॉम्प्युटरवर बसून त्यांनी जे लिहिलं, जे पुसलं, तेही तिच्यात असणार. टिक काढली तर फक्त सूची जाते. वस्तू तिथंच असते. म्हणून ती टिक आहे तशी राहू दे, सारखं बघायलाही जाऊ नकोस.

कॉम्प्युटरवर आता मनातलं एक अक्षर लिहायचं नाही. ऑर्डरी टाइप कर, हसून बोल. गोळ्या कसल्या आहेत त्यांची नावं मला लिहून पाठव, इथल्या डॉक्टरांना विचारते. तोवर घेऊ नकोस.

सारिका माझ्याबरोबर शिकायला होती, ती आता पुण्यात वकील आहे. तिच्याशी बोलते. तू सायलीला घेऊन निघायची तयारी मनात ठेव. फक्त मनात.

तेजा


वरवंड, ३० जानेवारी
(टाइप केलेलं, कुरिअरनं)

प्रिय तेजश्रीताई,

तुला माझी काळजी वाटत असेल म्हणून हे पत्र. मी आता पुष्कळ बरी आहे. मधल्या काळात मी तुला किंवा आणखी कुणाला काही लिहिलं असेल तर ते मनावर घेऊ नकोस. तेव्हा माझं मन ठिकाणावर नव्हतं. हे माझी फार काळजी घेतात. माणसानं किती करावं याला मर्यादा असते, तरी हे करतात.

तुझ्याशी बोललं की मोकळं वाटतं. तुझ्या अंगणात शेवग्याखाली खाट टाकून बसलं की डोकं शांत होतं. उन्हाळ्यात आम्ही सगळे येऊ तेव्हा तिथंच बसू. तोपर्यंत डॉक्टरांनी मला कुणाशी फार पत्रव्यवहार करू नको म्हणून सांगितलं आहे. तूही लिहू नकोस. मी बरी झाल्यावर आपण होऊन कळवीन.

आबांना नमस्कार.

तुझी
अनुपमा


पाबळ, ३ फेब्रुवारी

अनू,

हे पत्र मिळताच धुरपदाबाईंच्या हाती दोन ओळी पाठव. पेनानं. तुझं अक्षर दिसल्याशिवाय मला चैन नाही.

रोपवाटिकेच्या छापील पाकिटातून तुझ्या नावानं टाइप केलेलं पत्र आलंय. आबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “बरी हाय म्हणती की पोरगी.” मीही क्षणभर फसले. मग शेवग्याशी थांबले. दीड वर्षापूर्वीच्या वावटळीत तो शेवगा मुळासकट पडला. तू तेव्हा इथंच होतीस, आबांबरोबर फांद्या ओढत होतीस. तो आता नाही हे तुला माहीत आहे. सत्यजीतरावांना माहीत नाही.

म्हणजे ते वाक्य तू त्याच्या आधी कधीतरी लिहिलेलं आहे. मला पाठवायचं म्हणून लिहिलं असशील आणि पुसलं असशील. वाक्य तुझंच आहे, याचंच मला जास्त भय वाटलं. तुझ्या जुन्या ओळी शोधून, निवडून त्यांनी नवं पत्र शिवलंय. टिक तू काढलीस पण शिकवलं कुणी, याचाही त्यांना अंदाज आला असणार. म्हणून ते माझ्याकडं आलं.

सारिकाला ते दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि विचारलं, “हा माणूस तिच्या शब्दांत आणखी कसलं कसलं पत्र लिहू शकतो, याचा विचार केलास का?” मी केला. डोळे उघडूच नयेत असं लिहिलेलं पान त्याच्याजवळ आहे. गोळ्या घरात आहेत. त्याही पुण्याच्या डॉक्टरांनीच दिलेल्या. तू चिठ्ठीवर पाठवलेली नावं बघून इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन एकदम घेतल्या तर माणूस दिवसभर उठत नाही.

पुढचं मला लिहवत नाही, आणि तुला लिहायची गरज नाही.

निघ. आबा जीप घेऊन न्हावऱ्याच्या फाट्यावर येतील. चौफुल्यावरून केडगाव, पारगाव करत तू नदी ओलांडलीस की झालं. दिवस तू ठरव.

तेजा


वरवंड, १० फेब्रुवारी

ताई,

हे माझंच अक्षर. घाईनं लिहितेय म्हणून वेडंवाकडं आहे.

दिवस ठरवला. गुरुवार. आणि तू नको म्हणालीस तरी मी कॉम्प्युटरवर लिहिलं.

काल सकाळी आठ-दहा ओळी लिहिल्या. गुरुवारी शाळेच्या वेळेला सायलीला घेऊन दौंड स्टेशनला जाईन, सोलापूरची गाडी धरीन, तिथं कॉलेजातली मैत्रीण आहे. मग भाकरी करायला गेले. तासभर ते तसंच राहू दिलं, म्हणजे डिस्कनं उचललं असेल. मग येऊन पुसलं. रिसायकल बिन रिकामं केलं, नेहमीसारखं.

आज दुपारी हे म्हणाले, “गुरुवारी मला दौंडला काम आहे. सकाळीच निघेन.”

इतके दिवस मनात कुठंतरी वाटत होतं की आपलाच काहीतरी गैरसमज असेल.

डिस्क धुरपदाबाई नेतील. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बाय, तुज्या नवऱ्यानं मला कवा वाकडं बोललं न्हाई. पर त्यो मान्सं बगतो तवा मला रोपं मोजल्यावानी वाटतं.” त्या केडगावला उतरून रेल्वेनं पुण्याला येतील. तू स्टेशनवरच थांब त्यांच्यासाठी. माझ्याबरोबर डिस्क नको.

सायलीला सांगावं लागलं, नाहीतर ती ऐन वेळी रडेल. कुणाला बोलायचं नाही म्हटलंय. शहाणी आहे.

अनू


पाबळ, १५ फेब्रुवारी

ताई,

डिस्क तुझ्याकडं पोचली हे आबांच्या फोनवर कळलं. तू पुण्यातच थांबलीस ते बरं केलंस. आबांच्या फोनवर मला सगळं बोलवत नाही, ते शेजारीच बसलेले असतात. म्हणून लिहिते.

गुरुवारी हे सकाळी निघून गेले. जाताना सायलीचा गालगुच्चा घेतला. सासूबाई देवळात गेल्या, तशा आम्ही निघालो. सायली गणवेशातच. धुरपदाबाईंनी डिस्क भाकरीच्या फडक्यात बांधली होती. चौफुल्यापर्यंत भाड्याच्या जीपनं आलो, तिथून एसटी धरली, अनोळखी असल्यासारख्या वेगवेगळ्या बसलो. केडगावला त्या उतरल्या, मागं वळून बघितलंही नाही. पारगावजवळ भीमा ओलांडली तेव्हा सायली म्हणाली, “मम्मी, तू केवढ्यांदा श्वास घेतेस.”

न्हावऱ्याला एसटीतून उतरलो आणि समोर हे.

रसवंतीच्या सावलीला गाडी लावून उभे होते. हातात उसाच्या रसाचा ग्लास. सायलीला म्हणाले, “घे बाळा, उन्हातून आलीस.” तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं ग्लास घेतला.

मग माझी पिशवी मागितली. “जड असेल, दे.” रस्त्यावर चारचौघांत काय ओढाताण करायची? दिली. त्यांनी वरचे कपडे बाजूला करून आत हात घातला, तळापर्यंत. मग सायलीचं दप्तरही घेतलं, पुस्तकं नीट करत असल्यासारखं. बघणाऱ्याला वाटावं, किती मायेनं करतोय. काही सापडलं नाही तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा बदलला. फार नाही. जबडा तेवढा हलला.

“आईचा फोन आला, ऑफिसातली डिस्क जागेवर नाही. कुठंय, अनुपमा?”

“कुठली डिस्क?” मी म्हटलं.

तेवढ्यात आबा आले. त्यांना ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी उन्हात नीट दिसत नाही, ते डोळ्यांवर हात धरून चालत आले आणि थेट आमच्या दोघांच्या मधे उभे राहिले. “जावईबापू, रस्त्यात उभं राहून बोलायची ही रीत हाय व्हय? पोरगी माहेरी चालली. तुमीबी चला, च्या घेऊ. न्हाईतर इथंच बोलू, हे सगळं न्हावरं ऐकाया मोकळं हाय.” आवाज मुद्दाम चढवला होता त्यांनी. रसवंतीवाला चरक थांबवून बघायला लागला. टपरीवरची चार माणसं उठून जवळ आली.

हे हसले. “आबा, मी का अडवणार आहे? आठ दिवस राहू दे तिला.” आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, “दौंडला मी माणूस पाठवलाय. उगीच ताटकळत बसला असेल बिचारा.”

मला दिवस-दिवस विचार करूनही कळत नाहीये, ताई. मी लिहिलं होतं दौंड. वाचलंही त्यांनी दौंडच. मग न्हावरं कुणी सांगितलं? धुरपदाबाई नाहीत, त्यांनीच डिस्क पोचवली. तुझं पत्र कुणाच्या हाती लागलं असेल का? इथं आबा दाराला आतून कडी घालून बसतात. मी सगळ्यांवर संशय घेऊन बघितला, आबांवरसुद्धा. इतकी वेळ आली.

अनू


पुणे, २० फेब्रुवारी

अनू,

कुणावर संशय घेऊ नकोस. उत्तर सापडलंय, आणि ते कळलं तर तुला रडू येईल. आधी बाकीचं सांगते.

सारिकानं ओळखीच्या तज्ज्ञाकडून डिस्कची नक्कल करून घेतली, साक्षीदार बसवून. मूळ डिस्क आता सील करून ठेवली आहे. मग नकलेची सूची करायला लावली. एवढ्या वर्षांचं सगळं, एक दिवस गेला. संध्याकाळी मी पहिल्यांदा शब्द टाकला.

तुझी पानं जशीच्या तशी आहेत. खोबरेल तेलाचा वासही आहे. त्यातून काढलेल्या ओळींची त्यांची फाइलही आहे, आणि ती पानं पुरी वाचून, कापत कापत तीन पानांवर कशी आणली, त्या प्रत्येक टप्प्याची प्रत आहे. त्यांनीही पुसलं होतं सगळं. त्यांना शोधायचं एवढं वेड, पण स्वतःच्या नावानं कधी शोधून बघितलं नसावं.

शेवग्याच्या पत्राचे पाच खर्डे आहेत. आणखी एक पत्र आहे, चार ओळींचं, तुझ्या नावानं, सायलीला लिहिलेलं. ते मी तुला दाखवणार नाही. सारिकानं वाचून खिडकी उघडली. पोलिसांकडं दिलंय.

आता न्हावरं. मी ‘पाबळ’ टाकलं. बुधवारी संध्याकाळची एक छोटी फाइल आली. वर्डची. चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये काढून तिच्यात चिकटवलेलं घर, शेजारी जीप, नि खाली दोन ओळी. ‘उद्या आम्ही पाबळला जाणार. आबा न्हावऱ्याला येणार. मम्मी म्हणाली कुणाला सांगायचं नाही म्हणून मी इथं सांगते.’ तासाभरानं पुसलेली.

तिला काही बोलू नकोस. तिनं कुणालाच सांगितलं नाही. तू जसं करायचीस तसंच केलं तिनं.

तेजा


शिरूर, १४ जून

ताई,

तू कामात आहेस, फोन लागत नाही, आणि मला आता असलं काही हातानंच लिहिता येतं.

तसं सगळं ठीक चाललंय. शाळेत लॅबमध्ये मला घेतलं, मुलं बरी आहेत. खोली लहान आहे पण गच्चीवर ऊन येतं. धुरपदाबाईंना यांनी कामावरून काढलं म्हणून मला फार लागलं होतं. त्या परवा येऊन गेल्या, न्हावऱ्याच्या एका रोपवाटिकेत लागल्या म्हणे. डॉक्टर मॅडमनी कोर्टात पूर्ण पानं वाचून स्वतःहून सांगितलं की त्यांना अर्धंच दाखवलं गेलं होतं. सायली माझ्याकडंच राहील, निकाल लागेपर्यंत तरी. ते चार ओळींचं पत्र त्यांच्या वकिलानं ‘मनातलं नुसतं लिहून बघितलं होतं’ असं सांगून बाजूला सारलं. लिहून पुसलं होतं म्हणाले, म्हणजे हेतू नव्हता. कोर्टानं पुढची तारीख दिली. हे जामिनावर आहेत.

कोर्टानं यांना महिन्यातून दोन रविवार सायलीला भेटायची परवानगी दिली आहे, तुला माहीत आहे. आज पहिला रविवार होता. कोर्टाच्या बाई समोर बसल्या होत्या. हे पांढरा शर्ट घालून आले. माझी चौकशी केली, तुझी केली, आबांच्या डोळ्यांची केली. सायलीच्या पाचवीची पुस्तकं चाळून बघितली. मग गाडीतून खोका आणला.

लॅपटॉप आहे. नवा. सायलीच्या नावाचं स्टिकर लावलेला. “अभ्यासाला लागेल तिला आता,” कोर्टाच्या बाईंना म्हणाले. “मीच बसून सगळं लावून दिलंय.” बाईंनी कागदावर लिहून घेतलं, वडिलांनी मुलीला भेट दिली.

मी काढून घेऊ का, ताई? काढून घेतला तर पुढच्या तारखेला सांगतील, आई मुलीच्या अभ्यासाची वस्तूही घेऊ देत नाही. सायली आल्यापासून त्याच्याशी बसली आहे. किती महिन्यांनी तिला असं हसताना बघितलं. मी विचारलं, काय करतेस, तर म्हणाली, काही नाही, गंमत.

पत्र मिळेल तशी पहिल्या गाडीनं ये. येताना तुझी हत्यारं घेऊन ये, लॅपटॉप उघडायची.

ती आत्ता दारात बसली आहे. बोटं चालू आहेत. मधेच थांबते, माझ्याकडं बघते, आणि पुसते.

अनू